जुनी बोलेरो घेताय? आधी गाडीखाली झोपा, बॉनेट नंतर उघडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कडेगावकडच्या एका तरुणाला सव्वातीन लाखांच्या आत जुनी बोलेरो घ्यायची आहे. रोज शेतावर, आठवड्यातून एकदा आईवडिलांना घेऊन कराडला, वर्षातून एखाददुसऱ्या वेळी कोकणात. दुरुस्ती शक्यतो घरच्या अंगणात, स्वतःच्या हातानं करायची हौस. दोन गाड्या बघून ठेवल्यात. एक सांगलीची, एमएच-१०, २०१२ ची, चकचकीत, दोन लाख नव्वद हजार. दुसरी साताऱ्याकडची, एमएच-११, २०११ ची, मूळ रंगातली, मळकी, सकाळी सुरू करताना थोडा धूर मारणारी, सव्वादोन लाख. कुठली घेऊ, काय बघू, आणि घरी काय काय जमेल?

आधी मत सांगतो, मग कारणं. इंजिन बघून जुनी गाडी घेऊ नका. चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, आणि कागद बघून घ्या.

हे मी हवेत बोलत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिनच्या सिलिंडर बोअरिंगच्या मशीनवर माझी वीस-बावीस वर्षं गेली. ट्रॅक्टरची, टेम्पोची, जीपची इंजिनं आमच्याकडं काळीकुट्ट होऊन यायची आणि आठवड्याभरात परत धावायला लागायची. लायनर-पिस्टन नवे पडतात, हेडला फेसिंग मारता येतं, वॉल्व्ह ग्राइंड होतात, क्रँक घासून अंडरसाइज बेअरिंग बसवता येतं. बोलेरोचं २५२३ सीसीचं इंजिन उघडणारा माणूस तर आपल्याकडं तालुक्याच्या गावातही सापडतो. पण चासीची पट्टी आतून गंजली, तर ती नवी करून देणारा मला आजवर भेटला नाही. पत्र्याचा तुकडा लावून वेल्डिंग मारणारे पायलीला पन्नास भेटतात, ती गोष्ट वेगळी.

म्हणून गाडी बघायला जाताना एक जुनी चादर, चांगली बॅटरी (टॉर्च), लहान हातोडी, एक जाड स्क्रू-ड्रायव्हर आणि फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक बरोबर घ्या. मालकाशी रामराम झाला की चादर अंथरा आणि सरळ गाडीखाली झोपा. गाडी चारी चाकांवर उभी असताना बोलेरोखाली आरामात सरपटता येतं, जॅक लावायचा नाही. बघायला आलेला माणूस सीटवर बसून स्टीअरिंग फिरवतो, हॉर्न वाजवतो आणि एसी गार पडतो का बघतो, अशी विकणाऱ्याची सवय असते. तुम्ही खाली गेलात की त्याच्या बोलण्याचा सूर बदलतो, तोही ऐकून ठेवा.

खाली काय बघायचं? मागच्या पाट्यांचे, म्हणजे लीफ स्प्रिंगचे, हँगर जिथं चासीला बसतात ती जागा सगळ्यात आधी. चिखल तिथं साठतो, ओल धरतो आणि पट्टी आतून खातो. हातोडीनं हलकं ठोका. चांगलं लोखंड खणखणीत वाजतं, कुजलेलं भदभद वाजतं. हा फरक पुस्तकातून कळत नाही, पण दोन गाड्या ठोकून बघितल्या की कान तयार होतो. मग क्रॉस मेंबर, मग बॉडी ज्या रबरी माउंटिंगवर बसते त्या कंसांच्या आसपासचा पत्रा, मग फूटबोर्डच्या आतली बाजू. वर आल्यावर ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग उचला. विकणारा ‘कशाला उचकटताय’ म्हणाला तर दोन्ही बाजूंचं उचला.

खालून नुकताच काळा अंडरकोट मारलेला असेल तर त्या गाडीची किंमत माझ्या लेखी निम्मी होते. याची फी मी भरली आहे. माझी दुसरी गाडी एका एजंटाकडून घेतली, ती रत्नागिरीकडची होती. खालून अशी काळीभोर की वाटावं शोरूममधून आली. सहा महिन्यांनी मागच्या शॅकलचे बुश बदलायला घेतले, यू-बोल्ट सोडले आणि स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तो मुठीपर्यंत आत गेला. काळ्या रंगाखाली पुट्टी, पुट्टीखाली पत्र्याचा तुकडा आणि तुकड्याखाली पोकळी. त्या गाडीत मी घरच्यांना घेऊन गगनबावड्याचा घाट चार वेळा उतरलो होतो. कोकणातली प्रत्येक गाडी वाईट असं मी म्हणणार नाही, पण एमएच-०७ किंवा ०८ दिसलं की चादर दुप्पट वेळ अंथरलेली ठेवायची. तुम्हीही वर्षातून दोनदा समुद्राकडं जाणार आहात, तर परत आलात की खालून साध्या पाण्यानं नीट धुवायची सवय लावा.

चासी नंबर तिथंच बघून घ्या. पट्टीवर ठोकलेला नंबर, दाराजवळची प्लेट आणि आरसी बुक, तिन्ही जुळले पाहिजेत. नंबराच्या आसपास ग्राइंडर फिरवल्यासारखं चकाकत असेल किंवा अक्षरं वरखाली असतील, तर चादर गुंडाळा आणि चहा न घेता निघा.

आता तुमची सांगलीची चकचकीत गाडी. तुम्ही पाठवलेल्या फोटोत तीन गोष्टी मला खटकल्या. सीट कव्हर नवी, खालचं कार्पेट नवं आणि हेडलाइटच्या आत खालच्या बाजूला फिकट तपकिरी रेघ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ च्या जुलैत चिपळूणला पाणी कुठपर्यंत चढलं होतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या सगळ्याच काही भंगारात गेल्या नाहीत. बऱ्याच धुऊन, पुसून, रंगवून परत बाजारात आल्या. पुराचं पाणी म्हणजे गाळ, आणि गाळ लपवणं पत्रा लपवण्यापेक्षा अवघड असतं. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. रोज वापरात न येणारा तो शेवटचा हातभर पट्टा कुणी धूत नाही, तिथं मातीचा रंग सापडतो. सीटच्या रुळांखालचे बोल्ट गंजलेत का, डॅशबोर्डखाली वर हात घालून वायरिंगच्या जुडग्यावर बोट फिरवल्यावर मळी लागते का, सगळ्या काचा बंद करून दहा मिनिटांनी दार उघडल्यावर कुबट वास येतो का, ते बघा. डिफरन्शियलच्या (मागच्या दोन चाकांमधल्या गिअरच्या डब्याच्या) ऑइलचा बोल्ट उघडू दिला तर ऑइल दुधाळ दिसतंय का तेही. सलग दोन उत्तरं ‘हो’ आली तर गाडी पुरातली समजा. अशा गाडीचं इंजिन चालतं, पण वायरिंग तुम्हाला पुढची चार वर्षं रडवतं. आज हॉर्न, उद्या वायपर, परवा मीटर. घरी काम करणाऱ्यासाठी याच्याइतकी वाईट गाडी नाही, कारण बिघाड कधी एका जागी थांबतच नाही.

आपल्या भागातला दुसरा प्रकार म्हणजे वडापची, खासगी प्रवासी वाहतुकीची गाडी. नऊ जणांच्या गाडीत पंधरा बसवून जिनं दहा वर्षं काढली ती. आता नंबरपाटी खासगी गाडीसारखी पांढरी असली तरी खुणा राहतात. मागच्या पाट्यांमध्ये एक-दोन पाटे जादा घातलेले असतात (पाट्यांचा रंग आणि जाडी वेगळी दिसते), मागचं दार लोंबतं, मागच्या बाकाखालचा पत्रा बुटांनी गुळगुळीत झालेला असतो. जादा पाटे दिसले तर मालकाला सरळ विचारा. आरसी पूर्वी टुरिस्टची होती का तेही विचारा. याउलट साखर कारखान्याच्या शेती खात्यात किंवा दूध संघात फिरलेली गाडी बाहेरून मातीनं भरलेली असते, पण ती वेळेवर सर्व्हिसिंग झालेली आणि एकाच ड्रायव्हरच्या हातची असण्याचा संभव जास्त. मागच्या दाराचे बिजागर मात्र प्रत्येक बोलेरोत बघा. स्टेपनीचं सगळं वजन त्या दारावर लटकतं, त्यामुळे बिजागराजवळच्या पत्र्याला चिरा जातात.

लोहचुंबकाचं काम दोन मिनिटांचं. जिथं चिकटत नाही तिथं पुट्टी आहे. दारावर, फेंडरवर पुट्टी असली तर हरकत नाही, भाव पाडायचा. पिलरवर किंवा छताच्या कडेला असली तर गाडी उलटलेली असू शकते, मग नको.

आता बॉनेट. गाडी बघायची वेळ सकाळची आणि आदल्या रात्रीच मालकाला फोन करून सांगायचं की मी येईपर्यंत सुरू करू नका. पोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर आणि रेडिएटरवर हात ठेवा. गरम लागली तर त्याला काहीतरी लपवायचंय. थंड असेल तर स्वतः सेल (स्टार्टर) मारा. चांगलं इंजिन दोन-तीन सेकंदांत धरतं. धूर बघायला मागे मित्र उभा करा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. त्यात एअर फिल्टर चोंदल्यापासून डिझेल फवारणाऱ्या नोझलपर्यंत काहीही निघू शकतं, पण बहुतेक वेळा थोडक्यात भागतं. सुरू करताना पांढरा धूर येऊन गाडी तापल्यावर गेला तर फार मनावर घेऊ नका. गरम झाल्यावरही पांढरा येत राहिला आणि रेडिएटरमधलं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय धरा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय.

यानंतर बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनच्या रिंगांतून निसटून खाली येणारा दाब. इंजिन गरम होऊन आयडलवर असताना ऑइल भरायचं झाकण सोडवा आणि उलटं करून नुसतं ठेवा. थोडं थरथरलं तर जुन्या डिझेलला ते चालतं. उडून पडलं आणि आतून वाफेसारखा धूर भसाभसा आला, तर रिंगा गेल्यात, इंजिनचं काम निघणार. निघालं तरी घाबरू नका. उद्यमनगर असो नाहीतर कराडचं मशीन शॉप, तिथं जाऊन लायनर-पिस्टन, बेअरिंग, गॅस्केट सेट, मशीनिंग आणि मजुरी यांचा लेखी अंदाज घ्या आणि तो आकडा पूर्ण किमतीतून वजा करून बोला. विकणाऱ्यालाही माहीत असतं, तो फक्त तुम्हाला माहीत आहे का ते बघत असतो.

एक बारीक गोष्ट, जी मी बऱ्याच गाड्यांत बघितली. गाडी तापते म्हणून रस्त्यावरच्या मेकॅनिकनं थर्मोस्टॅट (इंजिनचं तापमान राखणारा पाण्याचा वॉल्व्ह) काढून फेकलेला असतो. त्यानं तापणं तात्पुरतं थांबतं, पण इंजिन कायम गार चालतं, डिझेल जास्त पितं आणि लायनर लवकर झिजतात. पाच-सहा किलोमीटर चालवूनही काटा तळालाच असेल तर हेच झालंय. थर्मोस्टॅट स्वस्त असतो, लगेच परत बसवा. पण गाडी मुळात का तापत होती हे शोधल्याशिवाय नको. बहुतेक वेळा रेडिएटर चोंदलेला असतो.

इंजिनात दोन प्रकार मिळतील. दोन्ही २५२३ सीसीच, पण जुन्या डीआयमध्ये मेकॅनिकल पंप आहे, नंतरच्या सीआरमध्ये कॉमन रेल, म्हणजे जास्त दाबाची, इलेक्ट्रॉनिक डिझेल यंत्रणा. बॉनेट उघडून इंजेक्टरकडं बघितलं की कळतं, प्रत्येक इंजेक्टरवर वायरचं सॉकेट असेल तर कॉमन रेल. (२०१६ मध्ये आलेल्या पॉवर प्लसमध्ये तीन सिलिंडरचं १४९३ सीसीचं वेगळंच इंजिन आहे, ते तुमच्या बजेटच्या बाहेर.) कॉमन रेल शांत चालते, धूर कमी, पण तिला स्कॅनर लागतो आणि चांगलं डिझेल लागतं. घरी हात काळे करायचे असतील तर मेकॅनिकल पंपाची घ्या. तिच्यात एखादा सिलिंडर मारत नसेल तर इंजिन आयडलवर ठेवून एकेका नोझलचा नट थोडा सैल करून कुठला मेलाय ते शोधता येतं. हीच युक्ती कॉमन रेलवर चुकूनही करू नका. त्या पाइपात हजार बारच्या वर दाब असतो. केसाएवढी धारसुद्धा कातडी फोडून डिझेल आत घालते आणि मग हात कापायची वेळ येते. जुन्या मेकॅनिकनी केलेलं बघून पोरं हे करतात म्हणून मुद्दाम लिहिलं.

चालवताना रेडिओ बंद, काचा खाली. साठच्या वेगात पाय सोडल्यावर मागून घुंई असा आवाज चढ-उतार होत असेल तर डिफरन्शियलमधलं क्राउन-पिनियन झिजलंय. गाडी जागेवरून उचलताना खालून ‘टक्क’ आलं तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, तो घरी बदलता येतो. गिअर टाकून उतारावर पाय सोडा, गिअर उडून न्यूट्रलला आला तर गिअरबॉक्स उघडावा लागेल. हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये हळूच क्लच सोडा. इंजिन बंद पडलं पाहिजे. गुरगुरत राहिलं तर क्लच प्लेट संपली. स्टीअरिंगला दोन बोटांपेक्षा जास्त प्ले असेल तर आर्मचे जॉइंट आणि टाय रॉड एंड बघायचे. मोकळ्या रस्त्यावर कडक ब्रेक दाबा आणि गाडी कुठल्या बाजूला ओढते ते पाहा. किलोमीटरच्या आकड्यावर मी वेळ घालवत नाही. पॅडलचे रबर, स्टीअरिंगची कातडी आणि ड्रायव्हरच्या सीटची कड जे सांगतात ते मीटरपेक्षा खरं असतं.

टायरवर २१५/७५ आर १५ असा साइज असतो आणि बाजूला चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. ‘३२१७’ म्हणजे २०१७ चा बत्तिसावा आठवडा. नक्षी कितीही दिसली तरी इतका जुना टायर बदलायचाच. पाच टायरांचे पैसे भावातून कापा.

कागदांचं काम कंटाळवाणं, पण गाड्यांपेक्षा कागदात बुडालेले लोक मी जास्त बघितलेत. आरसीवर ज्याचं नाव तोच माणूस समोर पाहिजे, त्याचा मेहुणा किंवा एजंट चालत नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे तुमची २०११ ची गाडी २०२६ मध्ये फिटनेसला न्यावी लागेल. पास झाली की पुढची पाच वर्षं. एप्रिल २०२२ मध्ये चारचाकीच्या या नूतनीकरणाची फी ५,००० रुपये आणि उशिराचा दंड महिन्याला ५०० रुपये ठरला होता, महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये २० वर्षांवरच्या हलक्या मोटारींची फी १०,००० केली होती, पुढच्या खेपेला तेव्हाचा दर बघून घ्या. चासी नीट पाहा म्हणून मी ओरडतोय त्याचं हेही एक कारण, फिटनेसला गाडी उभी राहिली पाहिजे.

गाडीवर कर्ज होतं का ते आरसीवर दिसतं. असेल तर बँकेची एनओसी आणि ३५ नंबरचा फॉर्म हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. टीटी फॉर्म, म्हणजे मालकी बदलाचे २९ आणि ३० नंबरचे, त्याच दिवशी भरून सही घ्यायची. कोऱ्या फॉर्मवर सही घेऊन ‘नंतर करू’ म्हणणारा विकणारा असो की घेणारा, दोघंही फसतात. अपघात झाला तर नुकसानभरपाईची जबाबदारी कागदोपत्री मालकावर येते हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. हे विकणाऱ्याला सांगितलं की तोच घाई करतो. थकलेली ई-चलनं ऑनलाइन दिसतात, ती त्याच्याकडून भरून घ्या. विमा १४ दिवसांच्या आत स्वतःच्या नावावर करायचा. त्याचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. बोलेरो १५०० सीसीच्या वर असल्यानं नुसत्या थर्ड पार्टीचा वार्षिक दर २०२२ मध्ये ७,८९७ रुपये अधिक जीएसटी ठरला होता, आताचा विचारून हिशेबात धरा.

दिल्ली पासिंगची गाडी स्वस्तात दाखवतील. तिकडं २०१५ च्या हरित लवादाच्या आदेशापासून दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर संकट आहे, म्हणून त्या इकडं येतात. गाडी चांगलीही असते, पण एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवा नंबर यांत वाचलेले पैसे जातात. तुमच्यासारख्या पहिल्यांदा घेणाऱ्यानं त्या फंदात पडू नये.

आता पैशाचं. सव्वातीन लाख आहेत म्हणजे सव्वातीन लाखांची गाडी नव्हे. अडीचच्या आत गाडी, बाकीचे पैसे बँकेतच. पहिल्या तीन महिन्यांत ते लागतातच.

घरच्या कामाला सुरुवात करायची तर आधी जागा. अंगणात फरशी नसेल तर दोन जाड फळ्या घ्या, मातीत जॅक रुततो. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. गॅरेजात ज्याला घोडी म्हणतात ते दोन स्टँड चासीखाली लावायचे, जमिनीवरच्या चाकांमागे दगड, आणि काढलेलं चाक आडवं करून चासीच्या पट्टीखाली सरकवून ठेवायचं. ही शेवटची सवय मला एका उस्तादानं लावली. बारा वर्षांपूर्वी माझी गाडी जॅकवरून घसरली तेव्हा ती त्या चाकावर येऊन बसली. मी तेव्हा बाजूला पाना शोधत होतो, पण खाली असतो तरी वाचलो असतो. विटांवर आणि सिमेंटच्या ठोकळ्यांवर गाडी ठेवू नका, ते न सांगता फुटतात.

हत्यारं थोडी पण चांगली घ्या. डी आणि रिंग पान्यांचा एकेक सेट, गोटी पान्यांचा सेट, लांब टॉमी, पक्कड, ग्रीसगन, साधा मल्टिमीटर, टॉर्क रेंच. टॉर्क रेंच महाग वाटेल. हेड आणि चाकांचे नट अंदाजानं आवळणारे लोक आमच्याकडं तुटलेले स्टड काढायला यायचे, तेव्हा ते स्वस्त वाटायचं.

गाडी आणल्यावर सगळ्यांना इंजिनात हात घालायची घाई होते. तुम्ही ब्रेकपासून सुरू करा. मागचे ड्रम उघडा, ब्रेकचे लायनर किती उरलेत, व्हील सिलिंडर पाझरतायत का बघा. आतली धूळ तोंडानं फुंकू नका, हवेनंही उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. ती फुफ्फुसात जाऊन बसते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, मागच्या मालकानं कधी बदललं ते कुणाला आठवत नसतं, म्हणून सगळं काढून डॉट-४ नवं भरा. हवा काढायला दोन माणसं लागतात. एक पॅडलवर, एक चाकाशी, मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी. ‘दाब... धर... सोड’ एवढीच भाषा. आमच्याकडं हे काम माझी मुलगी आठवीत असल्यापासून करते. एकदा मी ‘धर’ म्हणायच्या आत तिनं पाय सोडला आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. तेव्हापासून ती सोडताना मोठ्यानं ‘सोडू का’ विचारते, आणि हीच पद्धत बरोबर आहे. वाटीतलं ऑइल मधेच संपू देऊ नका, नाहीतर परत हवा शिरते.

ब्रेक झाले की पुढच्या चाकांची बेअरिंग. काढून रॉकेलमध्ये धुवा, वाळवा, नवं ग्रीस तळहातावर घेऊन रोलरच्या मधे-मधे दाबून भरा. बसवताना चाक फिरवत नट आवळायचा, मग सैल करून परत बेतानं. चाक मोकळं फिरलं पाहिजे, पण वरखाली धरून हलवल्यावर खडखडता कामा नये. स्प्लिट पिन जुनी वापरायची नाही. त्याच दिवशी प्रोपेलर शाफ्टच्या निप्पलना ग्रीसगन मारा.

मग सगळी ऑइलं आणि फिल्टर. इंजिनात १५डब्ल्यू-४०, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमध्ये मॅन्युअलमध्ये दिलेला ग्रेड. डिफरन्शियलचं ऑइल सोडण्याआधी भरायचा बोल्ट सुटतो का बघा. खालचा सोडून सगळं सांडल्यावर वरचा सुटला नाही, तर गाडी जागेवर अडकते. हे मला कसं कळलं ते विचारू नका.

सकाळी सेल जास्त मारावा लागत असेल तर लोक लगेच पंप-नोझलवर जातात. थांबा, बहुतेक वेळा डिझेल हवा धरत असतं. फिल्टरनंतरच्या लाइनमध्ये हातभर पारदर्शक पाइप जोडून बघा, बुडबुडे दिसले की मागे-मागे जात कुठला वॉशर, कुठली नळी फुटलीय ते शोधा. माझ्या एका गाडीत दोन मेकॅनिकनी पंप उतरवायला सांगितला होता, निघाला फिल्टरच्या बोल्टचा एक तांब्याचा वॉशर. तसंच सेल हळू फिरत असेल तर बॅटरी घेण्याआधी मल्टिमीटर लावा. बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू गाडीत १३.८ ते १४.४ असेल तर बॅटरी-अल्टरनेटर ठीक. मग इंजिन आणि चासी यांच्यामधली अर्थिंगची पट्टी काढून घासून बसवा. निम्म्या ‘बॅटऱ्या’ इथंच दुरुस्त होतात.

काही कामं मात्र घरी नकोतच. पंपाचं कॅलिब्रेशन, नोझल टेस्टिंग, क्राउन-पिनियनचं सेटिंग, चासीवरचं वेल्डिंग, एसीचा गॅस, अलाइनमेंट. यातल्या प्रत्येकाला एक यंत्र किंवा वीस वर्षांचा हात लागतो. गिअरबॉक्स उतरवून क्लच प्लेट बदलणं घरी होतं, पण पहिल्या वर्षी नको, आणि एकट्यानं तर कधीच नको.

तेव्हा तुमच्या दोन गाड्या. सांगलीची बघायला जायचंच असेल तर सीट बेल्ट ओढायला जा, टोकन द्यायला नको. साताऱ्याची मूळ रंगातली आहे, म्हणजे तिच्यावर लपवायला अजून कुणी पैसे घातलेले नाहीत. धुराची मला काळजी नाही, तुम्ही कुठल्या रंगाचा ते लिहिलं नाही एवढंच. शनिवारी रात्री मालकाला फोन करा, रविवारी सातच्या आत पोचा, बॉनेटवर हात ठेवा आणि चादर अंथरा. मागच्या हँगरपाशी हातोडी खणखणली, तिन्ही नंबर जुळले आणि झाकण उडालं नाही, तर एक लाख नव्वदपासून बोलायला सुरुवात करा. झाकण उडालं तर दीडपासून. हातोडी भदभदली तर फुकटातही नको. येताना वाटेतल्या एखाद्या मशीन शॉपमधून इंजिनच्या कामाचा अंदाज लिहून आणा, आणि मागच्या पाट्यांचा एक फोटो काढून ठेवा. पाटे किती आहेत ते मला मोजायचंय.